अंगातली गोधडी

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत आरोग्याच्या सत्रात झालेलं हे भाषण. ज्या सख्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. शेवटी सभेत विचारलेले प्रश्नही घेतले आहेत.)



हिशेबाचं वाचन झालं, थकबाकीवरून बोलून झालं, आता जेवणाआधीचा अर्धा तास माझ्या वाट्याला आलाय. पोटात कावळे ओरडत असतील, म्हणून मी एकदम जड विषयाला हात घालत नाही. मांजरीपासून सुरुवात करते.

तीन रंगांची मांजर किती जणींनी पाहिलीय? पांढरं अंग, त्यावर काळे पट्टे आणि तांबूस पट्टे. बऱ्याच हात वर आले. आता दुसरं सांगा. असाच तीन रंगांचा बोका कुणी पाहिलाय?

बघा, सगळ्या गप्प झाल्या. काळा बोका असतो, तांबडा असतो, काळा-पांढरा असतो, तांबडा-पांढरा असतो. पण काळा आणि तांबडा हे दोन्ही रंग एकाच बोक्याच्या अंगावर हजारो बोक्यांत एखाद्या वेळी सापडतात. मांजरीच्या अंगावर मात्र ते सहज दिसतात. असं का होतं, हे कळलं की तुमच्या-माझ्या अंगातली एक गोष्ट कळते. आणि ती न कळल्यामुळे आपल्यातल्या काही बायका वर्षानुवर्षं रक्त घालवत बसतात. म्हणून आज हा विषय.

दोन वह्या आणि एक पेच

घर जसं विटांचं, तसं शरीर पेशींचं. प्रत्येक पेशीत शरीर कसं घडवायचं आणि कसं चालवायचं याच्या सूचना लिहिलेल्या असतात. त्या सूचनांच्या वह्या म्हणजे गुणसूत्रं. माणसाच्या पेशीत अशा ४६ वह्या असतात. २३ आईकडून आलेल्या, २३ वडिलांकडून. त्यातल्या २२ जोड्या बाईच्या आणि पुरुषाच्या सारख्याच. फरक तेविसाव्या जोडीत. बाईकडे दोन एक्स असतात. पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय.

आईकडे द्यायला फक्त एक्सच असतो. वडिलांकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. हे आपण गर्भलिंगनिदानाच्या कायद्याच्या बैठकीत ऐकलेलं आहे. तरी "हिला मुलीच होतात" म्हणणारी तोंडं अजून बंद झालेली नाहीत. कुणी म्हणालं तर शांतपणे सांगायचं, वाय माझ्याकडे नव्हताच, मी कुठून देऊ?

आता पुढची गोष्ट, जी कुणी सांगत नाही. एक्स ही जाडजूड वही आहे. तिच्यात आठशे-नऊशे सूचना आहेत. रक्त कसं गोठायचं, डोळ्यांनी रंग कसे ओळखायचे, स्नायू कसे बळकट ठेवायचे, असं बरंच काही. वाय ही बारीकशी वही आहे, तिच्यात सूचना फार थोड्या. म्हणजे पुरुष एका जाड वहीवर काम भागवतो, आणि आपल्याकडे तीच वही दोन-दोन.

तुम्ही म्हणाल, चांगलंच आहे की! पण विचार करा. चुलीवर आमटी उकळतेय. थोरल्या जावेनं येऊन मीठ टाकलं. धाकटीनं तिला न विचारता परत टाकलं. काय होईल? पेशीतही तसंच होईल. दोन्ही वह्या उघड्या राहिल्या तर त्यातली प्रत्येक गोष्ट दुप्पट तयार होईल, आणि ते गर्भाला सोसत नाही.

मग पेशी काय करते? दोन एक्सपैकी एकच वही उघडी ठेवते. दुसरी घट्ट गुंडाळते, बांधते आणि कोपऱ्यात सारून देते. फाडून टाकत नाही, नुसती झोपवते. हे काम गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत होतं. आईला धड दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते, तेव्हा मुलीच्या गर्भातली प्रत्येक पेशी आपली एक वही बांधून मोकळी झालेली असते.

भिशीची चिठ्ठी

आता दोनपैकी कोणती वही झोपवायची? आईकडून आलेली की वडिलांकडून आलेली? ते ठरतं भिशीची चिठ्ठी काढल्यासारखं. आणि गंमत अशी की सगळ्या पेशींची मिळून एक चिठ्ठी निघत नाही. प्रत्येक पेशी आपली आपली चिठ्ठी काढते. एखादीनं आईचा एक्स उघडा ठेवला, तर शेजारणीनं वडिलांचा.

एकदा ठरलं की मात्र ते बदलत नाही. त्या पेशीपासून पुढे ज्या ज्या पेशी तयार होतात, त्या सगळ्या तीच वही उघडी ठेवतात आणि तीच झोपवतात. जन्मभर.

म्हणून बाईचं अंग गोधडीसारखं असतं. एक तुकडा आईच्या लुगड्याचा, एक तुकडा वडिलांच्या धोतराचा, परत आईचा, परत वडिलांचा. यकृतात, कातडीत, डोळ्यांत, मेंदूत, सगळीकडे असे तुकडे जोडलेले. पुरुषाच्या अंगात असं होत नाही, कारण त्याच्याकडे एक्स एकच, तोही आईनं दिलेला. त्यामुळे एक्सच्या बाबतीत तो एकाच कापडाचा.

आता मांजर आठवा. तिच्या केसांचा काळा की तांबडा रंग ठरवणारी सूचना एक्सवर असते. एका एक्सवर काळा लिहिलेला, दुसऱ्यावर तांबडा, अशी मांजर जन्मली की जिथे काळ्याची वही उघडी तिथे काळा पट्टा, जिथे तांबड्याची उघडी तिथे तांबडा. पांढरा रंग वेगळ्या सूचनेमुळे येतो, त्याचा एक्सशी संबंध नाही. बोक्याकडे एक्स एकच, म्हणून तो एक तर काळा नाही तर तांबडा. क्वचित एखादा तिरंगी बोका निघतो, तो बहुधा चुकून दोन एक्स आणि एक वाय घेऊन जन्मलेला असतो.

अमेरिकेत टेक्सासमध्ये २००१ साली अशाच एका तिरंगी मांजरीच्या पेशीपासून तिची हुबेहूब नक्कल जन्माला घातली. सूचना सगळ्या त्याच. पण पिल्लाच्या अंगावर तांबडा रंग आलाच नाही! ज्या पेशीपासून नक्कल केली तिच्यात तांबड्याची वही झोपलेली होती, आणि पिल्लातही ती झोपलेलीच राहिली. म्हणजे नुसत्या सूचना कोणत्या आहेत यावर सगळं ठरत नाही. वही उघडी कोणती आहे, हेही तेवढंच मोठं आहे.

हे शोधलं कुणी?

१९४९ साली कॅनडात मरे बार आणि त्यांचे विद्यार्थी इवर्ट बर्ट्राम मांजरींच्या मेंदूतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. मादीच्या पेशीत त्यांना एक गडद ठिपका दिसायचा, नराच्या पेशीत नाही. तो ठिपका कशाचा, हे तेव्हा कळलं नव्हतं. पुढे दहा वर्षांनी सुसुमु ओनो या जपानी वंशाच्या शास्त्रज्ञानं दाखवलं की तो ठिपका म्हणजे गुंडाळून ठेवलेला एक्स आहे.

पण चिठ्ठीची गोष्ट ओळखली एका बाईनं. मेरी लायन तिचं नाव. इंग्लंडमध्ये हारवेल इथे ती उंदरांवर काम करायची. काही उंदरांच्या माद्यांच्या अंगावर ठिपकेदार रंग का येतात, याचा विचार करताना तिला कोडं सुटलं. १९६१ साली तिनं ते छोट्याशा लेखात मांडलं. ही मेरी लायन केंब्रिजला शिकली १९४० च्या दशकात. तेव्हा तिथे मुली मुलांबरोबर परीक्षा द्यायच्या, पास व्हायच्या, पण त्यांना पूर्ण पदवी मिळत नसे, नावापुरतीच मिळायची. १९४८ साली ते बदललं. पूर्ण पदवीला लायक न समजलेल्या त्या बाईनं जगातल्या निम्म्या माणसांच्या अंगात काय चालतं ते सांगितलं.

१९९१ साली ती वही बांधायची दोरीही सापडली. तिला एक्झिस्ट म्हणतात. ज्या एक्सला झोपायचं आहे, त्याच्याच एका सूचनेतून एक लांबलचक धागा निघतो आणि त्याच एक्सभोवती गुंडाळला जातो. वही बांधायची दोरी त्याच वहीतून काढलेली! मग इतर रसायनं येऊन त्यावर कुलूप लावतात. तरीही काही पानं उघडी राहतातच, झोपलेल्या वहीतल्या थोड्या सूचना जाग्या असतात. आणि मुलीच्या अंगात स्त्रीबीज तयार होताना तेवढ्यापुरती ती वही परत उघडते, म्हणजे पुढच्या पिढीला दोन्ही वह्या कोऱ्या करकरीत, झोपवलेल्या नाहीत अशा मिळतात.

आता मूळ मुद्दा

तुम्ही म्हणाल, बाई, मांजरीचं ठीक, याचा आमच्या जगण्याशी काय संबंध? सांगते. थोडं घरचं सांगावं लागेल.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. फळ्यावर एक्स आणि वाय शेकडो वेळा काढले. हिमोफिलियाचा धडा शिकवताना दर वर्षी एक वाक्य सांगायची, "हा आजार पुरुषांना होतो, स्त्री फक्त वाहक असते." मुलं ते पाठ करायची, पेपरात लिहायची, मी गुण द्यायची.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा रांगायला लागला तेव्हा त्याच्या अंगावर काळेनिळे डाग पडायला लागले. गुडघे सुजायचे. शेजारीपाजारी म्हणायचे, पोराला मारतात की काय. शेवटी तपासणी झाली, हिमोफिलिया निघाला. घरात एकच वाक्य फिरायला लागलं, "हिच्याकडून आलं." ती मान खाली घालून ऐकायची.

तिची स्वतःची पाळी दहा-बारा दिवस चालायची. रक्ताचं प्रमाण सातच्या वर कधी गेलं नाही. लाल गोळ्या खाऊन खाऊन कंटाळली. दुसऱ्या बाळंतपणानंतर दवाखान्यातून घरी आली, आणि दहाव्या दिवशी एवढं अंगावरून गेलं की रक्त चढवावं लागलं. तिनं एका ठिकाणी विचारलं होतं, "मुलाला आहे तेच मला थोडंसं असेल का?" उत्तर मिळालं, "बायकांना हा आजार होत नसतो." मलाही तिनं विचारलं होतं. मी तिची बहीण, विज्ञानाची शिक्षिका. मीही तेच उत्तर दिलं.

पुढे पिशवी काढायचं ठरलं. त्या वेळी एका डॉक्टरीणबाईंनी घरची माहिती विचारली, मुलाचा आजार ऐकला आणि म्हणाल्या, आधी हिच्या रक्तातल्या घटकाचं प्रमाण बघू. ते निघालं २८ टक्के. पिशवी काढली नाही. औषधांवर पाळी आटोक्यात आली. तसंच ऑपरेशन झालं असतं तर काय झालं असतं, याचा मी आजही विचार करते.

हिमोफिलिया आणि झोपलेली वही

रक्त गोठायला अनेक घटक एकामागून एक कामाला लागतात. त्यांना नंबर दिलेले आहेत. आठ नंबरच्या आणि नऊ नंबरच्या घटकाच्या सूचना एक्सवर असतात. त्यातली सूचना बिघडली की घटक कमी पडतो आणि रक्त लवकर थांबत नाही. आठवा कमी असेल तर हिमोफिलिया ए, नववा कमी असेल तर हिमोफिलिया बी.

मुलाकडे एक्स एकच. तोच बिघडलेला आला तर दुसरी वही नाही. म्हणून मुलांत आजार उघड दिसतो, आतल्या आत गुडघ्यात, कोपरात रक्त साचतं.

मुलीकडे दोन वह्या, एक चांगली, एक बिघडलेली. ज्या पेशीत चांगली उघडी तिथे घटक तयार होतो, जिथे बिघडलेली उघडी तिथे होत नाही. घटक तयार करणाऱ्या पेशी मुख्यतः यकृतात असतात. चिठ्ठ्या निम्म्या-निम्म्या निघाल्या तर घटक साधारण निम्मा तयार होतो आणि बऱ्याच जणींचं त्यावर भागतं. पण चिठ्ठीच ती! वीस वेळा नाणं उडवलं तर दर वेळी दहा छापा, दहा काटा पडत नाही. एखाद्या वेळी चौदा-सहा पडतं. तसं एखादीच्या यकृतात बिघडलेली वही जास्त पेशींत उघडी राहते. मग घटक ३० टक्के, २० टक्के, कधी त्याहून कमी. सख्ख्या बहिणींत, अगदी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या बहिणींतही हे प्रमाण वेगळं असू शकतं.

निरोगी माणसात हे प्रमाण साधारण ५० ते १५० टक्के असतं. ४० टक्क्यांच्या खाली असेल तर आता जगभरचे तज्ज्ञ त्या बाईला नुसती वाहक म्हणत नाहीत, हिमोफिलिया असलेली स्त्री म्हणतात. आणि अशा बायका थोड्याथोडक्या नाहीत. वाहक बायकांत साधारण तिघींपैकी एकीचं प्रमाण कमी असतं.

"बायकांना होत नाही" हे वाक्य किती जुनं आहे बघा. चार्ल्स डार्विननं आपल्या एका ग्रंथात सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकिकत दिली आहे. त्या घरातल्या दहा पुरुषांना पुढचे चारच बारीक दात, अंगावर केस कमी, आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडल्यामुळे फार त्रास. त्यानं लिहिलं की मुलींना हे होत नाही, त्या फक्त मुलांकडे पोचवतात. तो आजारही एक्सवरचाच. पण पुढे अशा घरांतल्या बायकांची कातडी नीट तपासली, तेव्हा दिसलं की त्यांच्या अंगावर घाम येणारे आणि घाम न येणारे असे पट्टे असतात. हुबेहूब तिरंगी मांजरीसारखे. आजार होता, फक्त कुणी बघितलं नव्हतं.

दोष कुणाचा?

माझ्या बहिणीला लोक म्हणाले, हिच्याकडून आलं. मुलाचा एक्स आईकडूनच येतो, हे खरं. पण तिला तो तिच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असणार. आणि साधारण तीनपैकी एका घरात मागे कुणालाच आजार नसतो, सूचना त्याच पिढीत नव्यानं बिघडते. यात कुणी काही केलेलं नसतं. ना उपासतापास चुकलेला, ना ग्रहणात काही चिरलेलं.

आपल्या आजी-पणजीच्या गाठोड्यात राणीछाप रुपया असायचा ना? त्यावर जिचं चित्र आहे त्या व्हिक्टोरिया राणीकडेही असाच एक बिघडलेला एक्स होता. तिचा मुलगा लिओपोल्ड हिमोफिलियानं आजारी असायचा. १८८४ साली तो नुसता पडल्याचं निमित्त होऊन गेला, वय अवघं ३०. तिच्या दोन मुलींमार्फत तो एक्स युरोपातल्या राजघराण्यांत, अगदी रशियाच्या राजपुत्रापर्यंत पोचला. अर्ध्या जगावर राज्य करणाऱ्या बाईला आपल्या पेशीतली चिठ्ठी ठरवता आली नाही. मग आपल्या सुनेला, लेकीला बोल लावून काय मिळणार?

मग करायचं काय?

एक गोष्ट आधी स्पष्ट सांगते. पाळीत जास्त जाणं याची कारणं पुष्कळ असतात. गाठी असतात, थायरॉईड असतं, बाई-पुरुष दोघांनाही होणारे रक्ताचे इतर आजारही असतात. हिमोफिलिया हे त्यातलं क्वचित सापडणारं कारण आहे. म्हणून घाबरू नका. पण पुढची लक्षणं अंगावर काढू नका:

पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते, तासा-दोन तासांनी पॅड किंवा कापड बदलावं लागतं, मोठ्या गाठी पडतात.

नाकाचा घोळणा फुटला की दहा मिनिटांत थांबत नाही.

दात काढल्यावर किंवा छोट्या ऑपरेशननंतर फार वेळ रक्त गेलं.

मार न लागता अंगावर काळेनिळे डाग पडतात.

बाळंतपणात, किंवा घरी आल्यावर काही दिवसांनी, खूप अंगावरून गेलं. हे विशेष लक्षात ठेवा. गरोदरपणात आठ नंबरचा घटक आपोआप वाढतो आणि बाळंतपणानंतर परत उतरतो. त्यामुळे दवाखान्यात सगळं ठीक दिसतं आणि घरी आल्यावर त्रास होतो.

यातली लक्षणं असतील, आणि माहेरच्या बाजूला भाऊ, मामा, बहिणीचा मुलगा किंवा वडील यांना रक्त न थांबण्याचा आजार असेल, तर आशाताईंना सांगा आणि डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा, "माझ्या घटकाचं प्रमाण तपासा." रक्त गोठण्याची साधी तपासणी कधी कधी बरोबर येते, तरी घटक कमी असू शकतो. प्रमाण माहीत असेल तर ऑपरेशनच्या आणि बाळंतपणाच्या आधी तयारी करता येते. अशा माणसानं डॉक्टरांना न विचारता अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी घेऊ नये. आणि पाळीचा त्रास म्हणून कुणी लगेच पिशवी काढायला सांगितलं, तर आधी कारण विचारा.

सरकारी जिल्हा रुग्णालयात हिमोफिलियाच्या उपचाराची चौकशी करा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये हिमोफिलियाचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्राचीही माहिती घ्या.

सभेत आलेले प्रश्न

*कोणाची वही जास्त झोपते, आईची की वडिलांची?*

माणसात दोघांना सारखीच संधी. कांगारूमध्ये मात्र नेहमी वडिलांचाच एक्स झोपवतात. तिथे चिठ्ठी नाहीच!

*माझ्या भावाला हिमोफिलिया आहे. माझं काय?*

आई वाहक असेल तर प्रत्येक मुलीला बिघडलेला एक्स मिळण्याची शक्यता निम्मी. तुमची तपासणी करून घ्या. तुमच्या भावाच्या सगळ्या मुली वाहक असतील, कारण त्याच्याकडे द्यायला तोच एक एक्स आहे. त्याच्या मुलांना मात्र हा आजार त्याच्याकडून येणार नाही, त्यांना तो वाय देतो.

*वाहक मुलीचं लग्न करावं का?*

का नाही? ती धडधाकट संसार करू शकते. फक्त माहिती लपवू नका, आणि बाळंतपण मोठ्या रुग्णालयात, आधी कल्पना देऊन करा. एक काळजी घ्या. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे. मामा आणि भाचा दोघांनाही हिमोफिलिया असेल, तर मामाची मुलगी वाहक असणारच. त्या दोघांचं लग्न झालं तर त्यांच्या मुलीला दोन्हीकडून बिघडलेल्या वह्या मिळू शकतात. मग तिच्याकडे चांगली वही एकही उरत नाही.

*झोपलेली चांगली वही औषध देऊन जागी करता येईल का?*

शास्त्रज्ञ त्याच्या मागे आहेत. रेट सिंड्रोम नावाचा मेंदूचा आजार आहे, तो बहुतेक मुलींनाच दिसतो, त्यासाठी हे प्रयोग चालू आहेत. आज दवाखान्यात मिळेल असं औषध नाही. कुणी विकत असेल तर पैसे देऊ नका.

शेवटी

सख्यांनो, आपण गटात एकमेकींच्या कर्जाला जामीन राहतो. तसंच एकमेकींच्या तब्येतीलाही राहूया. पुढच्या मासिक बैठकीत वसुली झाल्यावर दहा मिनिटं काढा आणि वर सांगितलेली लक्षणं मोठ्यानं वाचा. कुणाला बोलायचं असेल तर ती नंतर बाजूला बोलेल. इतिवृत्तात "आरोग्यावर चर्चा झाली" एवढंच लिहा, कुणाचं नाव लिहू नका. आणि जिला तपासणीला जायचं आहे तिच्याबरोबर एक जण जा. एकटीचं म्हणणं उडवून लावतात, दोघींचं ऐकतात.

मी तीस वर्षं मुलांना चुकीचं वाक्य शिकवलं. ते आज इथे तुमच्यासमोर दुरुस्त करते. स्त्री फक्त वाहक नसते. ती दोन तऱ्हेच्या तुकड्यांनी शिवलेली गोधडी असते, आणि तिचा कोणता तुकडा विरलाय हे बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून बघून घ्या.

चला, जेवण तयार आहे. पिठलं थंड व्हायच्या आत उठूया.